ताईनं गिटार कोंडली ते दिवस

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी माझ्या मोठ्या बहिणीचं, सुजाताताईचं नाव घेतो. लोकांना वाटतं, तिनं मला शिकवलं असेल. तसं नाही. ती स्वतः बारावीला एकदा नापास झाली होती आणि पुस्तक उघडलं की तिला झोप यायची. तिनं मला वाचवलं, आणि तेही हातानं. आमच्या घरात बहुतेक सगळं हातानंच व्हायचं. समजावणं हातानं, राग हातानं, आणि माया करायची झाली तरी पाठीत एक धपाटा. घरात पहिला पदवीधर मी झालो, तेव्हा आईनं मला पेढा भरवला तोही इतक्या जोरात की ओठ दातावर आपटून फुटला. त्या काळाबद्दल लिहायचं तर मारामारी टाळून लिहिता येणार नाही. मी प्रयत्न करून पाहिला. पानं कोरडी झाली, म्हणून फाडून टाकली.

भिलाईतलं आमचं घर म्हणजे सेक्टरमधलं दोन खोल्यांचं क्वार्टर आणि मागे एक चिंचोळं अंगण. पोलादाच्या प्लँटची गुरगुर दिवसभर जमिनीतून पायात चढायची. गावाहून आलेल्या पाहुण्यांना ती लगेच ऐकू यायची. आम्हाला मात्र ती थांबली असती तरच ऐकू आली असती. अंगणात आई सुकी लाल मिरची, लसूण आणि मीठ खलबत्त्यात कुटायची. राग कमी असला की चटणी जाडीभरडी व्हायची, जास्त असला की गंधासारखी बारीक. शाळेतून येऊन भाताबरोबर ती जिभेवर घेतली की आमच्या मागे घरात काय झालं असेल याचा अंदाज यायचा. आमच्या ओळीत कुठल्या घरी कोण मार खातंय हेही सगळ्यांना आवाजावरून कळायचं. चपलेचा आवाज वेगळा, छडीचा वेगळा. आमच्या घरचा आवाज सगळ्यांत जड होता. प्लँटमध्ये कोळसा वाहणारा रबरी पट्टा झिजला की त्याचे तुकडे लोक पायपुसण्यासाठी घरी आणत. बाबांनी त्यातली एक लांब पट्टी कापून दाराच्या मागे खिळ्याला अडकवली होती. रबराच्या आत कापडाचे थर असलेला तो पट्टा पाठीवर बसला की श्वास आधी बाहेर पडायचा आणि रडणं बऱ्याच वेळानं यायचं.

बाबा कोक ओव्हनला होते. कोळसा भाजणाऱ्या त्या भट्ट्यांच्या टपावर त्यांची ड्युटी असायची आणि कोपरापर्यंत हातांवर एकही केस उरला नव्हता. भंडाऱ्याकडच्या खेड्यात त्यांनी लहानपणी मालकाच्या खळ्यावर मार खाल्ला होता. शाळा तिसरीतच सुटली. ते दारू पीत नसत. शुद्धीत मारायचे, विचार करून, जबाबदारीनं. पिऊन मारणाऱ्या बापाची पोरं दुसऱ्या दिवशी निदान माफी तरी ऐकतात. आम्हाला कारण ऐकावं लागायचं, आणि ते नेहमी आमच्या भल्याचं असायचं. आज माझी मुलगी माझ्या तोंडासमोर हात नाचवून वाद घालते, तेव्हा मी आधी खूश होतो आणि मग चिडतो.

आमच्या वस्तीत जयंतीच्या आधी विहारात मुलांची सलग अठरा तास अभ्यासाची बैठक व्हायची. ज्यांची जयंती, ते स्वतः असा अभ्यास करत. आपल्या पोरांनीही वर्षातून एकदा तसं बसून पाहावं अशी त्यामागची भावना. पहाटे वंदना झाली की सतरंज्या पसरायच्या. पांढऱ्या साडीतल्या बाया चहा-पोहे फिरवायच्या. डुलकी घेणाऱ्याच्या मानेवर कुणीतरी ओला रुमाल ठेवायचं. त्या बैठकीची मी थट्टा करत नाही. भट्टीपुढे राबणाऱ्या माणसांनी आपल्या पोरांना पुस्तकापुढे बसवण्यासाठी धरलेली ती रीत होती, आणि एका जागी बसायला मी तिथंच शिकलो. पण बाबांच्या मनात त्या अठरा तासांनी वेगळंच रूप घेतलं. जगात जे काही मिळवायचं ते न उठता मिळवायचं, उठला तो हरला, असं त्यांनी ठरवून टाकलं. ताई वेटलिफ्टिंग करायची. सेक्टरच्या मैदानाला लागून वजनांची खोली होती, तिथून ती परत आली की बाबा विचारायचे, "इतक्यात आली? बाकीच्या पोट्ट्या थांबून आहेत ना अजून?"

गिटार आमच्या घरी आली ती शेजारच्या मल्याळी कुटुंबाकडून. काका रिटायर होऊन केरळला निघाले, आणि सामान बांधताना ती कुठल्याच खोक्यात मावेना. ताईनं ती खांद्यावर आडवी टाकून आणली आणि माझ्या मांडीवर आदळली. "घे बे विन्या, तुह्यासाठी बायको आणली. पोट मोठं आहे, सांभाळून घेजो." पुढच्या दीड-दोन वर्षांत मी ऐकून, पाहून, चुकून शिकलो. वस्तीत रंगारीकाकांची गाण्याची पार्टी होती. स्वतः प्लँटमध्ये क्रेन चालवणारे रंगारीकाका हार्मोनियम घेऊन बसले की त्यांचा आवाज भोंग्याच्या वर जायचा. त्या वर्षी जयंतीच्या कार्यक्रमात त्यांना गिटार हवी होती. मुखडा आणि अंतरा यांच्या मधल्या वाजवण्याला आमच्याकडे पीस म्हणतात. एका गाण्याचा पूर्ण पीस त्यांनी माझ्या एकट्यावर ठेवला. त्यात एके ठिकाणी पहिलं बोट आडवं करून सहाही तारा दाबायच्या आणि तिथून उडी मारून बारीक तारेवर उतरायचं होतं. मी उतरायचो आणि तार खर्र करायची. प्रत्येक वेळी. "अबे, कुत्र्याच्या शेपटीवर पाय देऊन राहिला का तू?" रंगारीकाका ओरडायचे. "जयंतीपर्यंत सुधरलं नाई त मी बेंजोवाल्याले सांगतो." ही गोष्ट बाबांच्या कानावर गेली. साऱ्या वस्तीसमोर आपलं पोरगं उठवलं जाईल आणि तिथं बेंजोवाला बसेल, हे त्यांना सहन होण्यासारखं नव्हतं.

त्यांनी आपला सुट्टीचा वार माझ्यासाठी ठेवला. पहाटे वंदना केली, पुढच्या खोलीत सतरंजी घातली, समोर खुर्ची मांडली. "अभ्यासाले बसते तसाच बस. अठरा तास. खरखर गेल्याबिगर उठाचं नाई." मी बसलो. सुरुवातीला मला अभिमानच वाटला, हे खरं सांगतो. बाबा कधी माझ्यासमोर इतका वेळ बसले नव्हते. आईनं चहा आणून ठेवला, तो गार झाला. उन्हं दारात आली तोवर बोटांच्या टोकांची कातडी फाटली होती आणि लोखंडी तार त्या फटीत बसत होती. रक्तानं गिटारची पट्टी निसरडी झाली, तेव्हा बाबांनी खिशातला स्वतःचा रुमाल काढून ती पुसली आणि म्हणाले, "चालू दे." दुपारी अंगठ्याच्या मुळाशी काहीतरी उड्या मारायला लागलं. खर्र कमी व्हायचं सोडून वाढत गेलं. आधी ते एका जागी होतं, आता येणारे सूरही बिघडायला लागले. मी जितका वाजवत होतो तितकं मला कमी येत होतं, आणि हे मला कळत होतं, आणि सांगायची हिंमत नव्हती. ऊन कलल्यावर डावा पंजा गिटारच्या मानेवर आवळला तो सुटेचना. मी उजव्या हातानं एकेक बोट उचकटून काढलं. ती हवेत तशीच वाकडी राहिली.

बाबांना वाटलं मी सोंग करतोय. पट्टा खिळ्यावरून निघाल्याचा आवाज मी न बघताही ओळखला. पहिला पाठीवर बसला, दुसरा पोटरीवर. तिसरा त्या वाकड्या हातावरच. अंगणातला खलबत्ता थांबला. भिंतीपलीकडून साहूकाकीनं त्यांच्या छत्तीसगडीत हाक मारली, "का होगे ओ?", काय झालं म्हणून. चौथ्यासाठी हात वर गेला, तो वरच राहिला. ताई मैदानावरून आली होती. मनगटांच्या पट्ट्याही तिनं सोडल्या नव्हत्या. तिनं मागून बाबांचं मनगट दोन्ही हातांनी धरलं. नुसतं धरलं.

"सोड," बाबा म्हणाले.

"नाई."

"सुजे, बापाचा हात आहे हा."

"अन् तो भावाचा आहे. पाहा त्याच्याकडं, उघडून राहिला का?"

"नाटक आहे. मी अठरा तास सांगतलं म्हणजे..."

"तुमी भट्टीवर सलग किती वेळ उभे राहता, ते सांगा ना! घडीभर झालं का खाली उतरता. पंख्यासमोर बसता, मीठ-लिंबाचं पाणी पेता. कावून? चक्कर येऊन पडू नये म्हूनच ना? मंग याले कावून नाई? अवो, आमी लोखंड उचलतो त आमाले बी सुट्टी राहते. सुट्टीच्या दिवशी मैदानात दिसली का सर झाडू घेऊन मागं लागते!"

आई दारात उभी होती. झाडूचं ऐकून ती भीतीनंच हसली. ते हसणं फार वाईट वेळी आलं. बाबांनी मोकळ्या हातानं ताईच्या तोंडावर मारलं, उलट्या हातानं, पूर्ण ताकदीनं. तिच्या नाकातून रक्त आलं, ओठावरून हनुवटीवर आलं, टी-शर्टवर गळायला लागलं. तिनं ते पुसलं नाही, कारण पुसायला हात सोडावा लागला असता. तिनं बोटं आणखी आवळली. बाबांच्या मनगटात कट्ट वाजलेलं मला ऐकू आलं. पट्टा खाली पडला, बाबा खुर्चीत बसले, आणि आमच्या घरात मी पहिल्यांदाच त्यांना धापा टाकताना पाहिलं.

"या घरात आता एक त तू राहशीन, नाईतर मी," ते म्हणाले.

"मी जाऊनच राहिली," ताई म्हणाली. रेल्वेची खेळाडू भरती होती, तिची बिलासपूरला ट्रायल होती. "तोवर राहीन मी अंगणात." मग तिनं गिटार उचलली आणि नाकातून रक्त गळत असताना ती भर रस्त्यानं मैदानाकडे घेऊन गेली. वजनांच्या खोलीत ठेवून कुलूप लावलं. खोलीची किल्ली तिच्याकडंच असायची, ती दोऱ्यात ओवून गळ्यात घातली.

पुढचे दिवस मी नरकात काढले, असं मला तेव्हा वाटत होतं. आई कोमट मिठाच्या पाण्यात माझा हात बुडवून ठेवायची. मला पोळी मोडता येत नव्हती, आई घास करून द्यायची. पण दुखण्यापेक्षा मोठी भीती ही होती की आता सगळं विसरणार. जयंती तोंडावर आली होती. बाबा मनगटाला फडकं बांधून ड्युटीला जात, येत, आणि ताई अंगणात जेवत असली तर तिला ओलांडून निघून जात. शेवटी मला राहवेना. मी पळत मैदानावर गेलो आणि ताईला किल्ली मागितली. नाही म्हणाली. मी दोऱ्यावर झडप घातली, तिचा दंड धरून तिला कडकडून चावलो. तिनं माझ्या कानाखाली अशी दिली की डोक्यात भोंगा वाजला आणि मी लोखंडी प्लेटांच्या चळतीवर जाऊन पडलो. तिनं दंडावरचे दातांचे वळ पाहिले, मग माझ्याकडे पाहिलं आणि हसायला लागली.

"अबे येड्या, दोनी हातानं धरलं तू मले. डाव्यानं बी! काल पोळी मोडत नोती ना?"

मी हात समोर धरला. बोटं उघडत होती, मिटत होती. तिनं आपल्या डब्यातले भिजवलेले चणे माझ्या ओंजळीत ओतले. "हात आरामात वाढते विन्या, मारून नाई वाढत. लोखंड उचलताना माणूस फक्त तुटते. भरते घरी जाऊन झोपल्यावर."

त्यानंतर काही दिवस पीस माझ्या डोक्यात वाजत राहिला. बोटं मांडीवर, ताटाच्या काठावर, शाळेच्या बाकावर आपोआप चालायची. मग तेही थांबलं. एक अख्खा दिवस मी गल्लीत क्रिकेट खेळलो, आऊट-नॉटआऊटवरून एकाचं नाक फोडलं, माझंही फुटलं, आणि झोपताना लक्षात आलं की आज गिटार आठवलीच नाही. आता मी भिलाईतल्याच हुडको वसाहतीत संध्याकाळी मुलांना गिटार शिकवतो. एखादा पोरगा एकाच जागी अडून घामाघूम झाला की मी त्याच्या हातातून गिटार काढून घेतो आणि तीन दिवस तोंड दाखवू नको म्हणतो. त्यांचे बाप येऊन भांडतात. "सर, पोट्टं घरी बसून काय करीन?" मी म्हणतो, शिकेल. त्यांना ते पटत नाही. त्यांच्या जागी मी असतो तर मलाही पटलं नसतं.

ताई निघाली त्या सकाळी भिलाईच्या पॉवर हाऊस स्टेशनवर फक्त मी आणि आई होतो. आईनं पोळ्या बांधून दिल्या होत्या. सोबतची चटणी पिठासारखी बारीक होती. गाडी हलायला लागली तेव्हा ताईनं गळ्यातला दोरा तोडला आणि किल्ली खिडकीतून माझ्या अंगावर फेकली. "पहिले तारा मिळव. मंग हळू वाजव. पीस एकदाच! दुसऱ्यांदा वाजवला त चेन ओढून उतरीन अन् तिथंच हाणीन!"

मी स्टेशनवरून थेट मैदानावर गेलो. बंद खोलीत गंजाचा, घामाचा आणि खडूच्या भुकटीचा वास कोंडला होता. गिटार दोन बारांच्या मध्ये आडवी पडली होती. तारा उतरल्या होत्या, त्या मिळवल्या. पहिलं बोट आडवं केलं, दाबलं, उडी मारली, उतरलो. तार स्वच्छ वाजली. खर्र नाही, काही नाही. सूर भिंतीलगतच्या लोखंडाला लागून थोडा वेळ टिकला. मी रडलो असेन असं वाचणाऱ्याला वाटेल. मला राग आला. ज्या एका उडीसाठी मी पाठ, पोटरी आणि हात फोडून घेतले, ताईचं नाक फुटलं, घर फुटलं, ती मला काहीच न करता आली होती. मी समोरच्या प्लेटला लाथ घातली आणि अंगठ्याचं नख काळं करून घेतलं. मग दुसऱ्यांदा वाजवायचा मोह होऊ नये म्हणून डावा हात काखेत दाबला आणि बराच वेळ तसाच बसून राहिलो.

ताई रेल्वेत लागली. माझं कॉलेज तिच्या जिवावर झालं. माझ्या पदवीवर माझं नाव आहे, पण ती पदवी तिचीही आहे. तेव्हा मात्र यातलं काहीच ठरलेलं नव्हतं. तिची ट्रायल व्हायची होती आणि घरात तिचं नाव निघत नव्हतं. जयंतीच्या दुसऱ्या दिवशी मी तिला बिलासपूरच्या पत्त्यावर पत्र लिहिलं. शाळेत सगळं हिंदीत, मराठी फक्त घरात बोलायची. म्हणून जसं बोलतो तसंच लिहिलं. तिनं ते जपून ठेवलं होतं. इथं आहे तसं देतो.

प्रिय ताई,

सप्रेम जयभीम. तू बरी असशीन. नाकाची सूज उतरली का ते कळव.

काल कार्यक्रम झाला. खूप गर्दी होती, जामुलहून बी लोक आले होते. आमचं गाणं सुरू झालं अन् समोर पोट्ट्यांची मारामारी लागली. नाचताना कोणाचा तरी पाय कोणावर पडला म्हणते. खुर्च्या उडून राहिल्या होत्या. एक खुर्ची स्टेजवर आली, ढोलकवाल्याच्या गुडघ्याले लागली. रंगारीकाका डोळ्यानं म्हणाले वाजव, मंग मी वाजवला. ताई, पीस आला. उडी बी आली. बेंजोवाला मांडी घालून बसला होता, त्यानं मान हालवली.

बाबा पहिल्या लाइनीत होते. आई सांगते, पीस सुरू झाला तवा त्यांनी दोनी हात मांड्याखाली दाबून ठेवले होते अन् गाणं संपेपर्यंत काढले नाई. आज सकाळी उठून मी गिटार घेतली, त म्हणाले, "आज नाई. काल लय वाजवलं. ठेव." मी ठेवली.

तुह्याबद्दल अजून काई बोलत नाई. पण रंगारीकाकानं एक गोष्ट सांगतली. बाबाच्या मनगटाले काय झालं म्हून प्लँटमधे सगळे विचारत होते, त पहिले सांगत होते का ड्युटीवर लागलं. आता सांगते का माह्या पोरीनं धरलं होतं. फडकं सोडून दाखवते म्हणे, बोटायचे निशाण कुठं कुठं उमटले ते. कोणाले खोटं वाटलं त चिडते.

म्हून मी लिहून राहिलो. ट्रायल झाली का तिकडं थांबू नोको, पास हो का नापास हो, सरळ घरी ये. अंगणात नाई, आत येजो. मले वाटते बाबा आता हात उचलणार नाई. उचललाच, त तू धरजो.

तुहा भाऊ,
विन्या